यंत्राची लिपी आणि आपली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सी.एन.सी. प्रोग्रामर या व्यवसायाविषयी दोन शब्द बोलावेत असा निरोप संस्थेने आम्हांस पाठविला. आम्ही सातपूर व अंबड येथील कारखान्यांत काम करणारी माणसे. पाळी संपली की घर, आणि घरून पुन्हा पाळी, असे आमचे जीवन. भाषणाची आम्हांस सवय नाही. परंतु ज्या विषयावर पोट चालते त्या विषयावर बोलावयास सवय लागत नाही, अशा विश्वासाने आम्ही सहकाऱ्यांनी मिळून हे टिपण तयार केले आहे. म्हणून येथे आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत.

सातपूर कॉलनी, श्रमिकनगर, सिडको या भागांतल्या घरांत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "कंपनीत आहे" असे उत्तर मिळते. त्यापुढे "कंपनीत म्हणजे नेमके काय करतो?" असे विचारले की बहुतेक पालक गप्प होतात किंवा "मशीनवर आहे" असे सांगतात. मशीनवर असणे आणि मशीन समजणे यांत फार मोठे अंतर आहे. ते किती आहे आणि ओलांडता कसे येते, हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

प्रथम आपल्या शहराविषयी. नाशिक पूर्वीपासून तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. म्हणजे धातूवर हात चालविणे या गावाला नवीन नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर सातपूर, पुढे अंबड आणि सिन्नर येथे कारखाने उभे राहिले. १९६४ साली ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला व तेथे मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. पुढे तेथेच मिग-२७ व सुखोई-३० ही विमाने तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. सातपूरला मायको, म्हणजे २००८ पासूनची बॉश कंपनी, डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर तयार करू लागली. महिंद्राच्या गाड्या नाशिकला तयार होऊ लागल्या. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने आजूबाजूला आहेत. कोठे दोन यंत्रे, कोठे दहा, कोठे पन्नास. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य अशा लहान कारखान्यांतच गेले आहे.

या कारखान्यांत पूर्वी साधे लेथ असत. लेथवर कारागीर दोन्ही हातांनी चाके फिरवून धातूचा तुकडा, ज्याला आम्ही 'जॉब' म्हणतो, हव्या त्या मापाला आणीत असे. माप त्याच्या बोटांत असे. सी.एन.सी. यंत्रात ही चाके मोटारी फिरवितात, आणि मोटारींना किती फिरावयाचे हे संगणक सांगतो. संगणकाला काय सांगावयाचे हे मात्र कोणीतरी माणूस अगोदर लिहून ठेवतो. तो लिहिणारा माणूस म्हणजे प्रोग्रामर.

हे यंत्र कसे जन्मास आले ती कथा विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार होते. त्यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पात्याचा वक्र आकार हाताने अचूक कापणे अत्यंत कठीण होते. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी त्या वक्र रेषेवरील बिंदूंची गणिते पंचकार्डाच्या यंत्रावर करून घेतली आणि एकेका बिंदूपाशी यंत्र नेऊन कापणी केली. आकड्यांनी यंत्र चालविता येईल ही कल्पना तेथून पुढे आली. १९४९ साली अमेरिकन हवाई दलाने या कामास पैसा दिला, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पहिल्या अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या वेळी आकडे कागदी पट्टीवर भोके पाडून यंत्रास दिले जात. सत्तरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला, यंत्रातच संगणक बसला आणि 'एन.सी.' चे 'सी.एन.सी.' झाले. जपानची फॅनुक व जर्मनीची सायमेन्स या कंपन्यांच्या नियंत्रकांवर आज नाशिकमधली असंख्य यंत्रे चालतात. आपल्या देशातही बंगळूर, राजकोट, कोइमतूर येथे सी.एन.सी. यंत्रे तयार होतात.

आता प्रोग्राम म्हणजे काय ते पाहू. नाव ऐकूनच पुष्कळ मुले घाबरतात. प्रत्यक्षात तो ओळीमागून ओळ लिहिलेल्या आज्ञांचा कागद असतो. एक ओळ अशी: जी ०१, एक्स ४०.०, झेड -३०.०, एफ ०.२. याचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर, "सरळ रेषेत कापत जा, व्यास ४० मिलिमीटर ठेव, जॉबच्या तोंडापासून ३० मिलिमीटर आत जा, आणि जॉबच्या प्रत्येक फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढे सरक." जी ०० म्हणजे न कापता वेगाने जा. जी ०२ व जी ०३ म्हणजे वर्तुळाकार जा, एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे व दुसरी उलट. एम ०३ म्हणजे स्पिंडल फिरव, एम ०८ म्हणजे कूलंट सुरू कर, एम ३० म्हणजे काम संपले. रोजच्या कामाला अशा दोन-अडीच डझन खुणा पुरतात. ज्या मुलाने शाळेत मुळाक्षरे पाठ केली त्याला ही मुळाक्षरेही पाठ होतील. ही यंत्राची लिपी आहे. ती इंग्रजी अक्षरांत लिहितात, परंतु ती इंग्रजी भाषा नव्हे. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून प्रोग्रामिंग येणार नाही, ही समजूत आपल्या मुलांनी मनातून काढून टाकावी.

अक्षरे आली म्हणजे लिहिता आले असे मात्र होत नाही. त्यासाठी गणित लागते, आणि ते गणित दहावीच्या पुस्तकातलेच असते. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण. लोखंडी जॉबचा व्यास ४० मिलिमीटर आहे. हत्याराचे पाते, ज्याला इन्सर्ट म्हणतात, ते मिनिटाला २०० मीटर वेगाने कापू शकते असे त्याच्या डबीवर लिहिले आहे. तर स्पिंडल मिनिटाला किती फेरे फिरवावे? वर्तुळाचा परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास. २०० मीटर म्हणजे २,००,००० मिलिमीटर. त्यास ३.१४१६ गुणिले ४० ने भागले की सुमारे १५९० फेरे येतात. फेऱ्याला ०.२ मिलिमीटर या गतीने ३० मिलिमीटर लांबी कापावयास सुमारे सहा सेकंद लागतील, हेही त्यावरूनच निघते. यंत्राला "कापण्याचा वेग कायम ठेव" अशी आज्ञा देता येते, तेव्हा व्यास कमी होईल तसे ते फेरे वाढविते. परंतु जॉबचे तोंड कापताना व्यास शून्याकडे जातो. शून्याने भागले तर काय होते हे शाळेत शिकविले आहे. म्हणून प्रोग्राममध्ये अगोदरच फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहावी लागते. ती लिहिली नाही तर फेरे यंत्राच्या कमाल वेगापर्यंत चढतात आणि चकमधला जॉब सुटून बाहेर उडण्याचा धोका निर्माण होतो. शून्याच्या भागाकाराचा धडा वर्गात कंटाळवाणा वाटतो, परंतु कारखान्यात त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

दुसरे उदाहरण. एका चकतीवर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा भोके समान अंतरावर पाडावयाची आहेत. पहिले भोक मध्यापासून एक्स दिशेने ५० मिलिमीटरवर. दुसरे ६० अंशांवर. त्याचा एक्स ५० गुणिले कोज्या ६० अंश, म्हणजे २५. वाय ५० गुणिले ज्या ६० अंश, म्हणजे ४३.३०१. "त्रिकोणमितीचा आयुष्यात काय उपयोग?" असे विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही ही चकती दाखवितो.

तिसरे उदाहरण. कापलेल्या पृष्ठभागावर बारीक रेषा राहतात. त्यांची उंची सरकगतीचा वर्ग भागिले पात्याच्या टोकाच्या त्रिज्येची आठपट, अशी काढता येते. सरकगती ०.२ व त्रिज्या ०.८ असेल तर उंची सुमारे सव्वासहा मायक्रॉन येते. सरकगती निम्मी केली तर उंची निम्मी होत नाही, चौथाई होते. मात्र कापण्याचा वेळ दुप्पट होतो. किती गुळगुळीत हवे आणि त्यासाठी किती वेळ परवडतो, हा निर्णय प्रोग्रामरने घ्यावयाचा असतो.

येथे मायक्रॉन हा शब्द आला. सुतार सुताने मोजतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडा अधिक. आमचे माप मायक्रॉनचे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. २५ मिलिमीटरच्या भोकासाठी 'एच ७' असे नकाशात लिहिलेले असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ च्या आत आले पाहिजे. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान जागेत आपले माप बसवावयाचे. त्यातही धातू उष्णतेने वाढतो. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास लांब होतो. जगभर मापे २० अंश सेल्सिअस तापमानाची धरतात. नाशिकचा मे महिना ही अट मानीत नाही. यंत्रातून नुकताच निघालेला गरम जॉब मोजला आणि "ओके" म्हटले, तर दोन तासांनी तोच जॉब मापाबाहेर जाऊ शकतो. चांगला कामगार अशा वेळी थांबतो, जॉब थंड होऊ देतो आणि मग मायक्रोमीटर लावतो.

प्रोग्रामरचे काम कोठून कोठपर्यंत असते हेही सांगितले पाहिजे. प्रथम नकाशा वाचणे. जॉब कोठे धरावयाचा, कोणती बाजू आधी कापावयाची, कोणते हत्यार कोणत्या क्रमाने घ्यावयाचे हे ठरविणे. मग प्रोग्राम लिहिणे. नंतर हत्यारांची मापे यंत्राला देणे, म्हणजे ऑफसेट घेणे. मग जॉब न लावता कोरी फेरी मारून पाहणे. त्यानंतर एकेक ओळ चालवून, एक हात थांबविण्याच्या बटणाजवळ ठेवून, पहिला जॉब काढणे. तो मोजणे आणि दुरुस्ती करणे. शेवटी वेळ वाचविणे. एक जॉब तीन मिनिटांत होत असेल तर साडेसात तासांच्या प्रत्यक्ष कामात १५० जॉब निघतात. प्रोग्राममधली रिकामी धावपळ कमी करून फक्त दहा सेकंद वाचविले तर १५८ निघतात. कोणाच्याही अंगावर अधिक भार न टाकता ही वाढ होते.

मित्रहो, येथपर्यंत आम्ही व्यवसायाची ओळख करून दिली. आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही खरोखर आलो ती सांगतो.

आपल्या देशात लिहिणारा वेगळा आणि राबणारा वेगळा, ही विभागणी फार जुनी आहे. डोक्याचे काम एकाकडे, हाताचे काम दुसऱ्याकडे, आणि मान व मोबदला पहिल्याकडे. सी.एन.सी. प्रोग्रामिंग हे असे काम आहे की ज्यात लिहिणे आणि राबणे एकाच माणसात एकत्र येऊ शकते. ज्याला धातूचा स्वभाव माहीत नाही, पाते झिजल्याचा आवाज ज्याच्या कानाला कळत नाही, त्याने लिहिलेला प्रोग्राम कागदावर बरोबर व यंत्रावर चुकीचा ठरतो. उलट ज्याला लिहिता येत नाही त्याचे सारे कौशल्य दुसऱ्याच्या आज्ञेत अडकून पडते.

परंतु ही जुनी विभागणी कारखान्यांत नव्या रूपाने परत येत आहे. प्रोग्रामर वातानुकूलित खोलीत, संगणकासमोर. ऑपरेटर यंत्राजवळ. त्याचे काम जॉब लावणे, दार बंद करणे, हिरवे बटण दाबणे, जॉब काढणे. काही ठिकाणी प्रोग्रामला कुलूप लावलेले असते, ऑपरेटरला तो पाहता येतो पण बदलता येत नाही. चूक टाळण्यासाठी असे कुलूप पुष्कळदा आवश्यकही असते, हे आम्ही मान्य करतो. पण दहा वर्षे केवळ हिरवे बटण दाबलेल्या माणसाजवळ दहा वर्षांचा अनुभव नसतो, एका महिन्याचा अनुभव एकशेवीस वेळा असतो.

हे योगायोगाने घडलेले नाही, असे सांगणारे अभ्यासकही आहेत. डेव्हिड नोबल या अमेरिकन इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या यंत्रांचा इतिहास मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन पद्धती समोर होत्या. एका पद्धतीत कुशल कारागीर पहिला जॉब स्वतः हाताने करी, त्याच्या हालचाली यंत्र चुंबकीय पट्टीवर टिपून घेई, आणि पुढचे जॉब त्याप्रमाणे काढी. दुसरी पद्धत म्हणजे आकडे लिहून यंत्र चालविणे. नोबल यांचे म्हणणे असे की, पहिल्या पद्धतीत ज्ञान कारागिराजवळ राहत होते, दुसरीत ते कचेरीत नेता येत होते, आणि दुसरी टिकली यामागे हेही एक कारण होते. याविषयी दुमत असू शकेल. विमानाच्या गुंतागुंतीच्या आकारांना आकड्यांचीच पद्धत सोयीची होती हेही खरे आहे. परंतु नोबल यांचा प्रश्न आपल्या कामाचा आहे. यंत्राचे ज्ञान कोणाजवळ राहणार?

आमच्या पाहण्यातली एक घटना सांगतो. एका लहान कारखान्यात एक तरुण ऑपरेटर होता. आय.टी.आय. केलेला, कंत्राटदाराकडून आलेला. नवा प्रोग्राम आला. पहिला जॉब लावला. त्याने बटण दाबण्याआधी पडद्यावरच्या ओळी वाचावयास सुरुवात केली. एका ओळीत, कापणी झाल्यावर हत्यार दूर नेण्यासाठी, "जी ००, एक्स १५०, झेड १००" असे लिहिले होते. आकड्यापुढे दशांशबिंदू नव्हता. त्या यंत्राचा नियंत्रक बिंदू नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये वाचीत असे. म्हणजे हत्यार जॉबपासून दूर जाण्याऐवजी पूर्ण वेगाने जॉबच्या मध्याकडे, त्याला फोडीतच, घुसले असते. त्या मुलाने सुपरवायझरला बोलाविले. "तुला काय कळते त्यातले, तू बटण दाब," असे प्रथम उत्तर मिळाले. तो दाबीना. शेवटी प्रोग्रामर आला, त्याने पाहिले आणि मुकाट्याने दोन बिंदू टाकले. स्पिंडल वाचले, काही लाखांचा खर्च वाचला, कदाचित कोणाचे बोटही वाचले.

या घटनेत मुलाकडे मोठी पदवी नव्हती. त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक, त्याला ती लिपी वाचता येत होती. दुसरी, वाचलेले खरे आहे याची खात्री असल्यामुळे तो दबला नाही. दुसरी गोष्ट पहिलीतूनच आली, असे आम्हांस वाटते. पुढे त्याच कारखान्यात तो सेटिंग करू लागला आणि आज तो दुसरीकडे प्रोग्रामर आहे.

काही पालक विचारतात, "आता संगणकच प्रोग्राम लिहितो म्हणे, मग शिकून उपयोग काय?" प्रश्न योग्य आहे. कॅम नावाच्या प्रणालीत नकाशाची त्रिमिती प्रतिमा घातली की हजारो ओळींचा प्रोग्राम काही मिनिटांत निघतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी साधनेही येत आहेत. साध्या जॉबचा प्रोग्राम लिहिण्याचे काम त्यामुळे कमी होईल, हे आम्ही लपवीत नाही. परंतु चकचे जबडे झिजले आहेत, कच्चा माल या खेपेला अधिक कडक आला आहे, पातळ भिंतीचा जॉब घट्ट धरला तर गोल राहत नाही, या गोष्टी संगणकाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. निघालेला प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे ठरविणारा माणूस लागणारच, आणि ती लिपी ज्याला वाचता येते तोच ते ठरवू शकतो. जो फक्त बटण दाबतो त्याच्या जागी यंत्रमानव सर्वांत आधी येतो. अनेक कारखान्यांत तो आलाही आहे.

आणखी एक बदल नाशिककरांनी ध्यानात ठेवावा. आपल्या शहराची पुष्कळशी कामे डिझेल इंजिनाभोवती वाढली. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, लहान मोटारींत डिझेल मागे पडले, आणि विजेवरची वाहने वाढत आहेत. विजेच्या मोटारीला इंजेक्टर लागत नाही. ज्याला एकच जॉब येतो त्याचे पोट त्या जॉबबरोबर जाते. ज्याला नकाशा वाचता येतो, गणित येते आणि प्रोग्राम लिहिता येतो, तो आज इंजिनाचा भाग करील, उद्या विमानाचा, परवा शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा. म्हणून जॉबपेक्षा विद्या मोठी धरा.

आता वाट कशी आहे ते सांगतो. दहावीनंतर आय.टी.आय. मध्ये टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. नाशिकची शासकीय आय.टी.आय. सातपूर भागातच आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. आय.टी.आय. उत्तीर्ण झालेल्यास अटी पूर्ण करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाचीही वाट आहे. हत्यारे व साचे शिकावयाचे असतील तर छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे. काही खाजगी वर्ग "एका महिन्यात प्रोग्रामर" अशा जाहिराती करतात. तेथे पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: खरे यंत्र आहे काय? प्रत्येक विद्यार्थ्याला त्यावर किती तास मिळतील? मोजमापाची साधने हाताळावयास मिळतील काय? उत्तर गोलमाल आले तर परत फिरावे.

नोकरीस लागल्यावर रोज एक वही जवळ ठेवावी. दिवसभरात पाहिलेला एक प्रोग्राम, परवानगी असेल तेवढाच, त्यातील प्रत्येक ओळीच्या अर्थासह समजून घ्यावा. कंपनीचा नकाशा बाहेर नेणे गुन्हा आहे, परंतु समजलेले ज्ञान डोक्यात घेऊन जाण्यास कोणाची मनाई नाही. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. आणि यंत्राच्या दाराचा सुरक्षा स्विच कोणी "उत्पादन वाढेल" म्हणून बंद करावयास सांगितला तर नम्रपणे नकार द्यावा. बोट गेले तर ते कोणत्याही ऑफसेटने परत येत नाही.

मुलींसाठी मुद्दाम सांगतो. या कामात वजन उचलणे गौण आहे. गणित, चिकाटी आणि नीटनेटकेपणा मुख्य आहे. प्रोग्रामिंग, कॅम, मोजमाप विभाग येथे मुली उत्तम काम करतात हे आम्ही रोज पाहतो. "कारखाना हे मुलींचे ठिकाण नव्हे" असे म्हणणाऱ्या पालकांनी एकदा एखाद्या मोजमाप विभागात जाऊन यावे.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. संस्थेच्या सभागृहात दर रविवारी दोन तास एक वर्ग चालवावा. सुरुवातीस एक जुना संगणक, एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर, दहा-बारा नकाशे आणि एक फळा एवढे पुरे आहे. संगणकावर यंत्राची नक्कल दाखविणाऱ्या प्रणाली मिळतात, त्यावर प्रोग्राम चालवून चुका पाहता येतात. तेथे चूक झाली तरी काही फुटत नाही. पहिले तीन महिने नकाशा व मोजमाप, पुढचे तीन महिने दहावीचे गणित नव्याने, आणि त्यानंतर सहा महिने प्रोग्राम. शिकविण्यास आम्ही आलटून पालटून येऊ. आमची पाळी बदलते, म्हणून आम्ही चौघे-पाचजण नावे देत आहोत, म्हणजे एकाची रात्रपाळी असली तरी दुसरा येईल. मानधन नको. फक्त दोन अटी आहेत. विद्यार्थ्याने वही आणावी, आणि ज्याला समजले त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्यास शिकवावे.

पालकांनीही थोडे करावे. रात्री पाळीवरून आलेल्या मुलाला "आज किती जॉब काढले?" असे न विचारता "आज नवीन काय कळले?" असे विचारावे. उत्तर प्रथम येणार नाही. काही दिवसांनी येऊ लागेल.

वर्गासाठी नावे देण्याचा कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे.